हवेत आवळू नये

आवाज कधीपासून, कायतानने विचारलं.
मला सांगता येईना.
तिळामळच्या गतिरोधकावर आधी एकच टक्,
मग वळणांवर टक् टक्,
मग रस्ता असेल तिथे सगळीकडे.
मी त्याला टिप्परांनी उखडलेला रस्ता म्हणत होतो,
गाडीचं वय म्हणत होतो,
डिकीतला जॅक म्हणत होतो;
एकदा तर भजनाची पेटीच उतरवून ठेवली घरी.

नव्व्याण्णव सालची एस्टीम.
कुडचड्याला रेल्वे रुळांच्या मागे, फणसाखाली,
कायतानने चाकामागे पहार घातली
आणि नुसत्या मनगटाने हलवली.
अख्खा आर्म डुलला.
"लोखंड बरं आहे, पात्रांव," तो म्हणाला,
"मधलं माणूस गेलंय."

मधलं माणूस म्हणजे अंगठ्याएवढं रबर.
एका अंगाने चिरलेलं, दुसऱ्या अंगाने तेल पिऊन फुगलेलं,
आतली नळी कडेला रेललेली.
लोखंडाने लोखंडाला काही म्हटलं
की ते ह्याने ऐकून घ्यायचं,
पुढे सांगायचं नाही.
दोन लाख अकरा हजार किलोमीटर
ह्याने कुणाला काही सांगितलं नाही.

आणि जुना बुश सहज निघत नाही.
फाटला, कामाचा उरला नाही,
तरी त्याचं कवच भोकाशी गंजून एकजीव झालेलं.
कायतानने हॅक्सॉचं पातं आतून ओवलं
आणि कापत राहिला,
आर्मला चरा जाणार नाही इतकं सावकाश.
मडगावची गाडी गेली. चहा आला. गार झाला.
बसूने दोनदा विचारलं, जाळून काढूया?
"जाळायचं नाही. वास चार दिवस राहतो."

नवा बसवताना साबणाचं पाणी.
"तेल नको. रबराला तेल म्हणजे माझ्या भावाला फेणी."
शेगड्यात धरून, सॉकेट लावून,
पाव फेरा, मग पाव फेरा.
वरच्या माउंटसाठी स्प्रिंग दाबली
तेव्हा मात्र कुणी बोललं नाही,
बसूची शिट्टीसुद्धा थांबली.

शेवटी बोल्ट.
बसूने पान्याला पाइप जोडला, पाय रोवले,
आणि कायतान पहिल्यांदाच ओरडला.
"हवेत आवळू नको रे!
गाडी लोंबकळतेय, आर्म खाली झुकलाय.
आत्ता घट्ट केलंस तर
रबर ह्या लोंबण्यालाच सरळ समजेल.
खाली उतरली की जन्मभर पिळा सोसेल,
वर्षभरात फाटेल.
आधी उतरव. वजन येऊ दे.
दोनदा दाब, बसू दे तिला.
मग आवळ."

मी उलट्या क्रेटवर बसलो होतो.
आमचं एप्रिलात ठरलं, मे महिन्यात झालं.
हेमावतीने रिवण पाहिलं नव्हतं,
मी तिचा राग.
दोन्हीकडच्या जाणत्यांनी मिळून
पान्याला पाइप लावला,
चांगलं घट्ट केलं.
जमीन नंतर आली.

मी काही बोललो नाही. बिल विचारलं.

ती बाजारातून आली, पिशवी पायाशी ठेवून बसली.
गाडी रुळांवरून गेली
नुसतं हुं म्हटल्यासारखी.
पंख्याचा आवाज आला. पिशवीतल्या कागदाचा आला.
मग तिचा:
"उजवीकडचा आरसा वाकडा आहे."
"कधीपासून?"
"दोन वर्षं. सांगत होते."

मी काच खाली करून आरसा सरळ केला.
तिळामळचा गतिरोधक दिसला तसा
सवयीने तिचा हात उठला, डॅशबोर्ड धरायला.
गतिरोधक मागे गेला.
हात तसाच राहिला थोडा वेळ,
कशावर ठेवावा
ते न सुचून.