वाघूळ छाप

इंगलटन गावात मेंढ्यांच्या खाद्याचं जुनं गोदाम आहे,
त्याच्या माडीवर माझी दोन शिवणयंत्रं.
खालून भुशाचा वास येतो,
वर प्लास्टिकचा आणि माझ्या चहाचा.

मी पिशव्या शिवते.
भाजीच्या नव्हेत. दोरांच्या.
जमिनीच्या पोटात उतरणारी माणसं
साठ-साठ मीटर दोर ज्यांत कोंबतात
आणि कमरेला बांधून चिखलातून, खडकातून
फरफटत नेतात, त्या.
"असला धंदा असतो?" मिरजेहून भाऊ विचारतो.
असतो. गिऱ्हाइकं मोजून चारशे.
निम्मी एकमेकांना ओळखतात,
उरलेली एकमेकांशी बोलत नाहीत.

हात बसला तो बाबांच्या दुकानात.
स्कूटरच्या सीटा, रेक्झिन, दाभण,
आणि त्यांचं एकच वाक्य,
"दिसते तिथे शिवण उसवत नाही, पोरी.
दिसत नाही तिथून उसवते."

नाव ठेवलं वाघूळ.
उलटं टांगलेलं चित्र, त्याखाली देवनागरीत तीन अक्षरं.
इथल्या जिभेला घ जड जातो,
ळ तर सापडतच नाही.
डेरेक कॅप्स्टिक 'वॅगल' म्हणाला,
मग सगळं खोरं वॅगल म्हणू लागलं.
फोनवर आता मीही तेच म्हणते.
ळ लेबलावर तेवढा शाबूत आहे.

पहिल्या वर्षी एकतीस पिशव्या.
दुसऱ्या वर्षी एकशे बारा,
त्यांतल्या अकरा उधारीवर,
एक अर्ध्या कोकराच्या बदल्यात
(मी खात नाही, तरी घेतलं).
तिसऱ्या वर्षी, मार्चमध्ये,
चाळीसांच्या खेपेतल्या एकीचा पट्टा सुटला.
माणूस पडला नाही. पिशवी पडली,
काळोखात, सरळ, पंचावन्न मीटर.
डेरेकनं ती वर आणून माझ्या टेबलावर ठेवली,
ओली, आतल्या सँडविचसकट,
आणि टोपी हातात धरून उभा राहिला.

भिंग लावलं.
डोंगराला असतं तसं सुईलाही नेढं असतं;
त्या नेढ्याला आतून बारीक कंगोरा आलेला,
दर टाक्याला दोऱ्याचा एक पीळ तो कापत गेलेला.
दिसत नाही तिथून.

त्या रात्री एकोणचाळीस फोन.
सदतीस पिशव्या परत आल्या.
दोघं म्हणाले, आमची आम्ही शिवली,
तुझ्यापेक्षा बरी.
हिशेब बघणाऱ्या फिलिपानं विचारलं,
हा खर्च कुठल्या खात्यात टाकू?
म्हटलं, शाळेच्या फीत.

मग मे महिन्यात मँचेस्टरचं मोठं दुकान.
सहाशे नग. भाव तिसऱ्या हिश्श्यानं कमी.
आणि रंग पिवळा नको, करडा हवा,
ऑफिसला नेणाऱ्यांना करडा आवडतो.
करडी पिशवी गुहेत खाली ठेवली
की ठेवणाऱ्यालाच सापडत नाही,
हे मी कागदावर तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं.
सहाशे. रात्री उठून गुणाकार करायची.

डेरेक म्हणाला, आत चुन्याचे सुळके बघ,
शंभर वर्षांत बोटभर वाढतात.
म्हटलं, सुळक्याला भाडं नसतं, डेरेक.

नवव्या दिवशी कळवलं:
दीडशे. पिवळ्या. भाव तोच.
त्यांचं उत्तर अजून यायचंय.

तोवर वरच्या शेतावरची जॉर्जी थ्वेट
आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या यंत्रावर बसते.
तिला पहिलं शिकवलं ते सुई बदलायला,
दर दहा पिशव्यांमागे एक, बिघडो न बिघडो.
काढलेल्या सुया लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.
अर्धी भरत आलीय.

भाऊ विचारतो, धंदा किती वाढला?
काल फोनजवळ बरणी धरून हलवली.
"पाऊस लागलाय का तिकडे?" तो म्हणाला.
लागलाय, म्हटलं. तो तर रोजचाच.