पीळ

अल्हुसैनीने कॅबिनेट आणलं मोटारसायकलला आडवं बांधून,
घोंगडीत गुंडाळलेलं, बोकडासारखं.
म्हणाला, चारातले दोन मुके झालेत.
लाथ मारली की बोलतात थोडा वेळ.
आज रात्री लग्न आहे विमानतळापलीकडच्या वस्तीत
आणि नवरीचे मामा गिटारीशिवाय जेवत नाहीत.

लाथेने बोलतं ते मेलेलं नसतं.
त्याचा कुठेतरी एक हात सुटलेला असतो.

अगादेझच्या गुरांच्या बाजारामागे
माझं दुकान म्हणजे एक पत्र्याचा कंटेनर.
सकाळपासून वीज नव्हती.
डागणी चहाच्याच निखाऱ्यांत खुपसली
आणि इल्यादला म्हणालो, उघड.
मागच्या फळीचे सोळा स्क्रू, त्यातले पाच भलत्याच जातीचे.

आत वाळू. गांधीलमाशीचं मातीचं घर.
टेलिफोन कार्ड कापून केलेली एक नखी,
तिच्यावर अजून कुणाच्या तरी नंबराचे चार आकडे.

इल्यादला दाखवलं:
हे दोन-दोन जोडीने बांधलेले असतात.
वीज एकातून गेली तरच दुसऱ्यात पोचते.
एक सुटला की शेजारचा
धडधाकट असूनही गप्प.

मुक्या जोडीतला खालचा.
तारेला पीळ उलटा, डावखुऱ्याचा.
मी ओळखला.
अखमुदू असाच पिळायचा, जीभ दातांत धरून,
मग वर डाग, हवा त्याच्या दुप्पट.
बघ, मी म्हणालो, घाईचं काम.
माझ्या भावाचं. म्हणून सुटलं.

ओढून पाहिलं.
हललं नाही.
पुन्हा ओढलं, जरा रागानेच.
सुंभ जळेल, हा पीळ जायचा नाही.

मग वरच्याला बोट लावलं
आणि पितळी चिमटा अलगद हातात आला,
पिकल्या फळासारखा.
तो माझा होता.
उजवा पीळ, नीटनेटका, डागही मोजका.
फक्त चिमटा आवळलेला नव्हता.
त्या दिवशी पक्कड अखमुदूच्या हातात होती
आणि मी मागितली नाही.

कशावरून भांडलो होतो, आठवत नाही.
तो सोन्याच्या खाणींकडे उत्तरेला गेला
त्याच्या आधीचा आठवडा असावा.
म्हणजे दोन वर्षं प्रत्येक लग्नात
ही टोपी थरथरत हळूहळू वर सरकत होती,
आणि त्याचा घट्ट बांधलेला स्पीकर
माझ्यामुळे तोंड मिटून बसला होता.

इल्याद काही बोलला नाही.
चौदा वर्षांचा आहे, पण कळतं त्याला.

ब्लेडने काळेपणा खरवडला.
चिमटा आवळला, जवाच्या दाण्याइतका.
ढकलताना बोट दुखलं, म्हणजे बरोबर बसला.
वरून डाग. राळेचा धूर डोळ्यांत गेला.
लाल लालला लावलं, दोनदा पाहून.
चुकलं तर एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो
आणि खर्ज दोघांत गिळला जातो.

नऊ व्होल्टची बॅटरी वायरला टेकवली.
ठप.
दोन्ही पडदे एकदम पुढे आले,
दारावर कुणी आल्यासारखे.
इल्यादने पुन्हा टेकवली, नुसती गंमत म्हणून.
ठप. ठप.
मी त्याला थांबवलं नाही.

अखमुदूच्या जोडाला हात लावला नाही.
फुंकर मारून वाळू तेवढी काढली.

अल्हुसैनीने पैसे पुढे केले.
म्हणालो, स्क्रूंचे दे, बाकीचे नकोत.
का, ते सांगितलं नाही.
त्याला वाटलं, लग्नासाठी सोडले.
आशीर्वाद देऊन गेला, तेही घेतले.

रात्री कंटेनरच्या छतावर झोपलो.
वारा तिकडून होता.
जनरेटर ऐकू येत होता, कुत्री, बायकांच्या टाळ्या,
त्यांच्या तळाशी एक जाडसर हुंकार.
चारही बोलतायत की दोनच,
इतक्या लांबून कळत नाही.

फोन काढला. त्याचा शेवटचा निरोप आठ महिन्यांपूर्वीचा,
बावीस सेकंदांचा, अर्धा वाऱ्याचाच.
मी लिहिलं: तुझी पक्कड कुठे ठेवली होतीस?

ती माझ्या खिशातच होती.