कंसातले सेकंद

कोटका बंदराच्या मागे, जुन्या पीठगिरणीच्या इमारतीत,
दुसऱ्या मजल्यावर फिनिश शिकवतात.
खुर्च्या सोळा, माणसं अकरा,
कोपऱ्यात तिपाईवर माझा कॅमेरा.
मी शिकवत नाही. शिकतही नाही.
रात्री घरी हेडफोन लावून
बोललेलं उतरवून घेतो
आणि न बोललेलं मोजतो.
पाव सेकंदाहून लहान थांबा, तर कंसात नुसतं टिंब.
मोठा असेल तर आकडा: (०.८), (१.१).
प्रकल्पाचं नाव लांबलचक,
मानधन आखूड. करार मेपर्यंत.

तूलिक्की ह्यूत्तिनेन, अनुभव एकवीस वर्षं,
प्रश्न विचारते आणि (०.९)
स्वतःच उत्तर देते.
एका तासाला बासष्ट प्रश्न,
चोपन्न उत्तरं तिचीच.
तक्ता दाखवला तेव्हा तिने चष्मा काढला,
पुसला, परत घातला. म्हणाली,
"मला वाटायचं, मी त्यांना मदत करतेय."
(६.०)
हेही मोजलं. सवय.

आमच्याकडे बसथांब्यावर
दोन शेजारी वीस वर्षं न बोलता उभे राहतात,
कुणाला त्यात काही उणं वाटत नाही.
तीच आम्ही माणसं
हातात खडू आला की
दुसऱ्याच्या गप्प बसण्याने कासावीस होतो.

लेतेब्रहान खिडकीशी बसते. वय अठ्ठावन्न, गाव केरेन.
चार भाषा बोलते, एकही लिहीत नाही.
पेन्सिल कशी धरायची हे नोव्हेंबरात कळलं;
त्याआधी त्या हातांनी
कॉफी भाजली, करडं सोडवली, एक मुलगा पुरला.
तिच्यासारख्यांसाठी संशोधनात एक लघुरूप आहे.
ते तिला वाचता येणार नाही.

आमच्या भाषेत विभक्त्या पंधरा.
घरात, घरातून, घराकडे, घरावर, घराविना,
प्रत्येक प्रत्यय एकेक दार,
चुकीच्या दारातून गेलं
की माणूस वाक्याबाहेर.

फेब्रुवारीत तूलिक्कीने उपाय काढला.
प्रश्न विचारायचा, आणि खिशातल्या खिशात
दहा बोटं मोजायची.
पहिल्या आठवड्यात ती सहावर फुटायची.
"सहाव्या बोटाला मला माझी आई दिसते,
पळी घेऊन उभी, जेव ना, जेव ना करत."

त्या मंगळवारी प्रश्न साधा होता:
तुम्ही कुठे राहता?
(२.०) बाहेर क्रेन वळली.
(५.०) कुणीतरी नाक ओढलं.
(९.०) मोसुलचा मुहन्नद तिच्याऐवजी बोलणार होता,
तूलिक्कीने न बघताच हात आडवा धरला.
(१३.४)
"मी," लेतेब्रहान म्हणाली, "घरातून राहते."

चूक. हवी सप्तमी, आली पंचमी.
माझ्या रकान्यात त्यासाठी तांबडी खूण आहे.
तूलिक्कीने तोंड उघडलं, मिटलं.
मग विचारलं, "कोणत्या घरातून?"

पुढची चार मिनिटं अकरा सेकंद
लेतेब्रहान बोलत होती.
क्रियापदं तीन, बाकी नुसती नामं:
विहीर, किल्ली, शेजारीण, पुन्हा किल्ली.
थोडं तिग्रिन्या, थोडं अरबी,
मधेमधे आमचे प्रत्यय
उलट्या घातलेल्या मोज्यांसारखे.
खिशातली बोटं कधी बाहेर आली
तूलिक्कीला कळलं नाही.

दोन आठवड्यांनी सप्तमी आली.
"मी घरात राहते." (०.७)
अहवालात ती प्रगती म्हणून गेली.
जायलाच हवी होती; दवाखान्यात पत्ता सांगावा लागतो,
नळ गळला तर फोन करावा लागतो,
तिथे कोण थांबतंय तेरा सेकंद?

मेअखेर सगळं पुसायचं, असा नियम आहे.
आज एकतीस.
तो तुकडा मी पुन्हा लावलाय.
क्रेन. नाक. मग, आधी कधी ऐकू आलं नव्हतं ते:
एक पेन्सिल टेबलावरून घरंगळते, पडते,
आणि अकरातलं कुणीही
ती उचलायला वाकत नाही.