मोजणी

राजधानीतल्या कार्यालयात, काचेखाली,
ती एक हिरवी रेघ आहे:
उत्तर बेटाच्या टोकापासून दक्षिणेच्या तळापर्यंत
सायकलींचे रस्ते एकमेकांत ओवलेले.
मध्ये दोन बोटं समुद्र. तिथे रेघ तुटक.

माझं काम रेघ मोजायचं.
गाडीत पान्हे, बॅटऱ्या, थर्मास,
आणि वाटेवर आडव्या टाकलेल्या रबरी नळ्या.
चाक वरून गेलं की नळी श्वास टाकते,
खांबावरचा डबा तो लिहून घेतो.
दोन श्वास म्हणजे एक माणूस.
मेंढरांचा कळप आडवा गेला
तर मंगळवारी दुपारी अकराशे पर्यटक.
ते मी वजा करतो.

तुसॉक क्रीकची शाखा एकोणीस किलोमीटरची.
रेल्वेचे रूळ उपटून नेले, त्या भरावावरून जाते.
एक बोगदा, दोन लाकडी पूल,
खडकांवर केशरी बुरशी,
शेवटाला गाव: एक पब, एक टपालपेटी,
आणि बंद शाळेच्या भिंतीवर रंगवलेला सायकलवाला,
ज्याला ब्रेक द्यायला चित्रकार विसरला.

परिपत्रक म्हणतं,
दिवसाला बाराहून कमी, सलग दोन हिवाळे,
तर शाखा जाळ्यातून वगळावी.
पाट्या उतरवाव्यात. पुलांची डागडुजी थांबवावी.
भाषा सभ्य आहे.
भरल्या पानावरून उठवायचं, पण हळू आवाजात.

जुलै. म्हणजे इथे ऐन थंडी,
पाणी नळातच गोठलेलं.
डब्यात आकडा: बारा.
काल बारा. परवा बारा.
रविवारी तेरा, म्हणजे खरंच कुणीतरी आलं होतं.
बाकी सगळे संध्याकाळी पाच ते साडेपाच.

मेंढ्या इतक्या वक्तशीर नसतात.

दिवे मालवून गाडीत बसलो.
पाचला आयल्सा गेडीस आली,
वय एक्याऐंशी, डोक्यावर लोकरी टोपी,
सायकल टपालखात्याने मोडीत काढलेली.
नळीवरून गेली. दहा हात पुढे थांबली.
उतरली, अडेल गाय वळवावी तशी सायकल वळवली,
परत आली.
तोंडाने मोजत होती, वाफेवाफेने.
सातव्या फेरीनंतर खिशातल्या बाटलीतून एक घोट.
अकराव्या फेरीला मी तिला दिसलो.

लाजली नाही. सायकलवर रेलून म्हणाली,
"ऑक्टोबरात हॉलंडची दोन माणसं येणार आहेत. पत्र आलंय.
वाट तोवर कुठेतरी पोचत असायला हवी."

मी काहीच बोललो नाही, तर म्हणाली,
"रेल्वेच्या वेळीही आला होता एक जण, वही घेऊन.
माझे वडील लाइनमन. म्हणाले, खरं तेच सांगायचं.
आम्ही खरं सांगितलं.
मोठी कौतुकाची सही करून गेला.
वसंतात गाडी बंद."

मग तिने टोपी कानांवर ओढली.
बारावी फेरी राहिली होती.
तिचं घर नळीच्या पलीकडे आहे,
त्यामुळे बारावी रोज खरीच असते.
टॉर्चचा पिवळा ठिपका पुलावर डुगडुगला,
फळ्या एकेक करून वाजल्या,
आणि खांबावरचा डबा, नेहमीसारखा,
माणूस कोण, कशासाठी, काही न विचारता
एवढंच लिहून मोकळा झाला.

माझ्या तक्त्यात वजावटीचे तीन रकाने आहेत.
मेंढ्या: शून्य.
वारा: शून्य.
'इतर'पाशी पेन चालेना.
हातात चोळलं, तोंडाची वाफ दिली.
शाई गोठली होती.
निदान अहवालात तरी तसं म्हणता येईल.