सकाळी सातची नोंद

आर्डिथ श्राग, वय एकाहत्तर.
आधी स्कूलबस चालवायची, आता गुडघे तिला चालवतात.
रोज सकाळी सातला
मेलेल्या नवऱ्याचे बूट पायांत अडकवून
ती परसातल्या पर्जन्यमापकाशी जाते,
डोळा पाण्याच्या रेघेपाशी आणते
आणि वहीत लिहिते.
बहुतेक दिवशी : शून्य.

'पडलंच नाही तर लिहायचं कशाला?'
शेजारचा व्हर्नन गोरिंग विचारायचा.
'अरे, कोरं म्हणजे कुणी बघितलं नाही.
शून्य म्हणजे बघितलं, आणि नव्हतं.'

कॅन्ससच्या पश्चिमेला आभाळ इतकं आहे
की माणसं जमिनीबद्दलच बोलतात.
मे महिन्यात मात्र दुपारी चारनंतर
दक्षिणेकडून दमट वारा सुटतो,
कुत्री ओट्याखाली शिरतात,
आणि आर्डिथ पिकअप काढून
दफनभूमीच्या उंचवट्यावर लावते.
तोंड दक्षिणेला, इंजिन चालू.
बघणाऱ्यानं पळायची वाटही बघून ठेवायची असते.

शिकवणी झाली होती अग्निशमन केंद्रात,
घडीच्या खुर्च्या, गार झालेली कॉफी.
हवामान कार्यालयातून आलेला पोरगा, तेओदोरो केसादा,
म्हणाला होता : 'भयंकर' हा शब्द मला नको.
गार केवढी? वाटाण्याएवढी, नाण्याएवढी, चेंडूएवढी?
ढग खाली आलाय का? फिरतोय का?
किती वेळ बघताय?
वाटतं ते ठेवा बाजूला, दिसतं ते सांगा.
बायबलवर हात ठेवल्यासारखं झालं होतं तिला.

त्या वर्षी भोंगा दोनदा वाजला.
दोनदा सगळं गाव तळघरात, पीचच्या बरण्यांशेजारी.
दोनदा वर येऊन बघावं
तर अंगणातली खुर्चीसुद्धा जागची हललेली नाही.
'लांडगा आला रे आला,' व्हर्नन म्हणाला,
'फुकटचा भोंगा.'

फुकटचा, हे मात्र खरं.
व्हर्ननच्या नऊशे एकरांना जो अंदाज
तोच मागच्या ट्रेलरमधल्या होदानला,
जी कत्तलखान्यात रात्रपाळी करते,
आणि त्याच मिनिटाला.

एकवीस मे, संध्याकाळी सात अठ्ठेचाळीस.
'ढग खाली आलाय. फिरतोय. चार मिनिटं बघतेय.'
आवाज, मीठ मागावं इतका साधा.
तेओदोरोच्या पडद्यावर
लाल आणि हिरवा एकमेकांना खेटून उभे होते,
पण इतक्या लांबून रडार उंचावरचंच बघतं,
जमिनीलगत काय चाललंय त्याला दिसत नाही.
त्यानं तिचं वाक्य ऐकलं
आणि बटण दाबलं.

सतरा मिनिटं.
तेवढ्यात होदान
एक पोर कडेवर, एक बोटाला,
चर्चच्या तळघरात पोचते.
तेवढ्यात व्हर्नन दारात उभा राहून शिव्या घालतो,
चष्म्यासाठी परत आत जातो,
आणि तरीही जिना उतरतो.

पेपरात फोटो आले
छप्पर उडालेल्या घराचे, झाडात अडकलेल्या गादीचे.
जिना उतरणाऱ्या पायांचा फोटो कोण काढणार?
वाचलेल्यांची यादी कुठे लावत नाहीत.
तेओदोरोनं रात्री अहवाल भरला :
ट्रेलर नऊ. जखमी दोन. मृत...
आणि तो रकाना त्यानं कोरा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सातला
आर्डिथ परसात गेली. खांब होता, मापक नव्हतं.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पेन अडलं.
तेवढ्यात व्हर्नन आला, चिखल तुडवत,
हातात काठाला तडकलेली तिची नळी,
त्याच्या गव्हात सापडलेली,
तळाशी दोन बोटं पाणी,
सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेली.
'हे लिही,' म्हणाला.

ती बघत राहिली त्या पाण्याकडे.
'हे तुझ्या रानातलं, व्हर्नन. माझ्या परसातलं नाही.'
मग ओट्याच्या उरलेल्या पायरीवर बसून
वहीत लिहिलं :
मापक उडालं. पाऊस मोजता आला नाही.
बघणारी हजर.