तोंड उघडेपर्यंत

क्लॅरेंडनच्या डोंगरात, लाल मातीच्या उतारावर
माझ्या खानावळीमागे अकीचं झाड आहे.
खोडावर कमरेएवढ्या उंचीला एक व्रण आहे,
अर्ध्याच घेराचा.
गिऱ्हाईक विचारतं. मी म्हणते, वीज पडली होती.
ताट वाढून होईपर्यंत एवढं पुरतं.

बी दिलं होतं मिस इनेझनं,
काळंभोर, घोटून चमकवलेलं असावं तसं.
"ओलं आहे तोवर पुर. वाळलं की रुसतं.
आणि चार-पाच वर्षं त्याच्याकडे काही मागू नकोस."
तिच्या पणजीच्या पणजीनं म्हणे ते आणलं
जहाजाच्या पोटातून, कमरेच्या गाठीत.
बाजारात तिचा जबडा फाकवून दात मोजले,
त्या रात्री तिनं बियाला बजावून ठेवलं:
तुझं तोंड कुणी उघडायचं नाही.
तू उघडशील तेव्हाच.

म्हणून थांबायचं.
फळ लाल होतं, फुगतं, ऊन खातं,
आणि एका पहाटे आपणहून आ वासतं:
तीन काळे डोळे, त्यांच्याखाली लोण्याच्या रंगाचा गर.
बी टाकायचं. गराच्या बेचक्यातला लाल पापुद्रा
नखानं खरवडून काढायचा, एकही धागा ठेवायचा नाही.
उकळायचं, ते पाणी फेकायचं,
मग खाऱ्या माशात, कांद्यात, थायमच्या काडीत
हलक्या हातानं परतायचं. डाव जोरात फिरला
तर सगळ्याचा लगदा.

व्हिनेट सहा वर्षांची होती.
डिसेंबर. ऊसतोड सुरू व्हायला अजून पंधरवडा,
डबे पालथे.
फळं लाल झालेली, पण मिटलेली.
तिनं एक दगडावर ठेचलं.
मी पाहिलं होतं. मी नऊची होते,
मला वाटलं, लाल म्हणजे पिकलं.

संध्याकाळी ओकाऱ्या. मग झोप. मग ती झोप
हलवून उठेना.
मिस इनेझ पाल्याचा काढा घेऊन धावत आली,
कप व्हिनेटच्या दातांवर नुसता वाजला.

कितीतरी वर्षांनी मे पेनच्या दवाखान्यात
एका नर्सनं समजावून सांगितलं:
कच्च्या अकीनं रक्तातली साखर उतरते.
साखर.
पा आठ वर्षं ऊस तोडत होते.
घरात त्या दिवशी चिमूटभर नव्हती.

पुरून आल्यावर त्यांनी कुऱ्हाड घेतली.
अर्धा घेर झाला.
मिस इनेझनं त्यांचा हात धरला नाही.
कुंपणापलीकडून एवढंच म्हणाली,
"त्यानं सांगितलं होतं, ऑस्बर्ट.
तोंड मिटून सांगितलं होतं."
कुऱ्हाड सालीत रुतलेली राहिली,
पावसानं दांडा कुजेपर्यंत.

पुढच्या हंगामात
घावाच्या बाजूच्या फांद्या वाकून जमिनीला लागल्या.
जखम झाली की झाड घाबरून फळतं, म्हणतात.
मला ते घाबरलेलं वाटलं नाही.
पा अंधारात उठून टोपल्या भरत,
बाजारात विकत, पैशातून साखर आणत.
खायचे मात्र नाहीत. आमच्या ताटाकडेही बघायचे नाहीत.

शेवटच्या वर्षी छाती भरली.
मी त्याच झाडाची पानं मीठ घालून उकळली,
न सांगता कप पुढे केला.
त्यांनी वास घेतला. ओळखलं.
बराच वेळ कप तसाच हातात,
वाफ चष्म्यावर.
मग प्यायले. म्हणाले,
"मीठ जास्त झालंय."

आज उजाडताना सात उघडली होती.
आठव्याच्या ओठात बारीकशी फट,
आतलं अजून दिसत नाही.
रस्त्यावर ट्रकवाल्यांनी हॉर्न लावलाय,
भूक लागली की माणसं हॉर्नवर बसतात.
मी आकडी खाली ठेवते.
सातांत भागवू.