डावा पाय, हिरवं कडं

संकेश्वरच्या स्टँडवर माझ्या खिडकीच्या डोक्यावर
चिंच आहे. चिंचेत गायबगळे.
कन्नडातून गाडी पुकारते तेव्हा ते बेळ्ळक्की,
मराठीतून पुकारली की बगळे.
शिटतात मात्र दोन्ही भाषांतल्या प्रवाशांवर सारखेच.

इराण्णा मगदूम श्रावणात शिडी घेऊन आला,
एकोणीस पिल्लांच्या डाव्या पायांत हिरवी कडी घातली,
वही माझ्या हातात दिली.
म्हणाला, अक्का, आता ही पांगतील.
स्थलांतर नव्हे हं. स्थलांतराला परतीचं तिकीट असतं.
पांगणं म्हणजे पंख फुटले, घरट्यात दाटी झाली,
आईनं चोच उगारली
की एकदाच, जिकडे डोकं जाईल तिकडे.

भादव्यात चिंच हलकी झाली.
वहीत लिहिलं: शिल्लक चार.
हिरण्यकेशी वरून येते, गडहिंग्लज बघून येते,
पण ती काही सांगत नाही.

रात्री आठच्या गाडीची चौकशी करायला
गडहिंग्लज स्टँडवरून सदबा रेडेकरांचा फोन असतो.
बावीस वर्षं. एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही.
त्यांचं महामंडळ वेगळं, आमचं वेगळं, उशीर तेवढा एक.
त्या रात्री गाडीचं विचारून झालं तरी त्यांनी फोन ठेवला नाही.
"बाई, आमच्या वडावर पाहुणा आलाय. पायात हिरवं कायतरी."
कुठला पाय?
"थांबा." पावलं गेली, पावलं आली. "डावा."
आमचाच ओ.

मग रोज आधी गाडी, नंतर पक्षी.
एक हुक्केरीकडं, नांगरणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागं.
दोन हिडकलच्या पाण्याकाठी, म्हशींत.
एक निपाणीच्या कचऱ्यावर, खुशाल.
दहांचा पत्ता नाही.
मेली म्हणायला पेन धजत नाही,
मी त्यांच्यापुढं "मार्गस्थ" लिहिते.

माघात रस्ता रुंद झाला. चिंच गेली.
बुंध्यावर आता नारळपाणीवाला बसतो.
पुढच्या आषाढात माझ्या डोक्यावर नुसता पत्रा वाजला,
आणि सदबा फोनवर मोजत होते, साठ, एकसष्ट,
मोजताना आवाज जरा खाली घेत,
जसं दुसऱ्याच्या घरचं ताट आपल्या पंगतीत वाढावं.
इराण्णा शिडी घेऊन तिकडं गेला. तिकडची कडी निळी.

वहीची पानं कोरी राहिली. कोरी तारीख मात्र रोज घातली.

चौथ्या आषाढात, कँटीनमागच्या शिरीषावर
काड्यांची पाच घरटी. ओबडधोबड, घाईची.
एका मादीच्या पायात निळं.
हातातला माइक तसाच चालू राहिला,
अख्ख्या स्टँडनं माझा श्वास ऐकला.

फोन लावला. सदबा मार्चमध्येच निवृत्त झालेले.
नवा पोरगा होता, घाईत.
"कसला पक्षी? बाई, इथं तसलं कोण बघत नाही."
बरं, म्हटलं. आठची गाडी सुटली का?
"सुटली."
मी ठेवणार, एवढ्यात त्याच्याकडून हॉर्न, गलका,
आणि मग, जरा थांबून,
"निळं म्हणजे, कसलं निळं?"